पहिली ओंजळ भाच्याची

विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे. जाळीच्या कोपऱ्यातून मोटारीचा निळा पाइप आत उतरतो, बटण दाबलं की पाणी थेट घराच्या टाकीत. रहाटाचं चाक मात्र कुणी काढलेलं नाही. ते गंजून जागच्या जागी बसलं आहे. मी हातानं फिरवून पाहिलं, फिरलं नाही, बोटांना तांबडी भुकटी तेवढी लागली. भावाच्या नातीच्या लग्नासाठी मी वैशाखात माहेरी आले होते. शेजारच्या गावात टँकरची वाट पाहत ड्रम मांडून ठेवले होते आणि आमच्या विहिरीत वाकून पाहिलं तर खाली पाणी लकाकत होतं. बाजूला उभ्या असलेल्या सूनबाईला मी म्हटलं, ही माझ्या बाबांनी खणली. ती हसून म्हणाली, हो आत्याबाई, दर खेपेला सांगता. सांगते. का सांगू नये?

कठड्याच्या दगडाला दोरखंडानं पडलेले चर अजून तसेच आहेत. तिथं वाकलं की ओल्या दगडाचा गार वास येतो, आणि त्यामागोमाग, का कोण जाणे, मला डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. तो वास गोदाआत्याच्या ट्रंकेचा.

गोदाआत्या म्हणजे बाबांची एकुलती एक धाकटी बहीण. ती आफ्रिकेत, नैरोबीला राहायची. तिचे यजमान, आमचे आतोबा, तिथल्या रेल्वेच्या कारखान्यात नकाशे काढायचे. काही वर्षांनी एकदा त्यांना लांबलचक रजा मिळायची. मग ते सगळे बोटीनं मुंबईला उतरत, रेल्वेनं धामणगाव गाठत, तिथून मोटारीनं यवतमाळ आणि पुढं उमरखेडच्या गाडीनं आमच्या गावचा फाटा. शाळेत मास्तरांनी जगाचा नकाशा टांगला की मी कुणी न विचारता उठून आफ्रिकेवर बोट ठेवायची. ते नैरोबीवर पडायचं की भलत्याच वाळवंटात, हे मास्तरांनाही ठाऊक नसावं. पण त्यांनी कधी हटकलं नाही. आख्ख्या शाळेत परदेशात नातलग असलेली मी एकटीच होते.

पहिल्यांदा ते आलेले मला नीट आठवतं ते छप्पन्न सालच्या उन्हाळ्यातलं. फाट्यावर बाबा दमणी, म्हणजे आमची छोटी बैलगाडी, घेऊन गेले होते. बैलांच्या शिंगांना तेल, गळ्यात नव्या घुंगुरमाळा, स्वतःच्या डोक्याला फेटा. एरवी आमच्या दमणीला तट्ट्याचं छत असे, त्या दिवशी त्यावर आईचं ठेवणीतलं लुगडं ताणून बांधलं होतं. आई त्यावरून पुढं कित्येक वर्षं बोलत होती. दारात आईनं सगळ्यांच्या पायांवर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. मग बाबा पुढं झाले, वाकले आणि आत्याच्या पाच वर्षांच्या विजयच्या पायांवर त्यांनी डोकं ठेवलं. पोर घाबरून आत्याच्या मागं लपलं. एवढा मिशाळ माणूस आपले पाय धरून आपल्याला उचलून नेणार, असं त्याला वाटलं असावं.

आमच्याकडे भाच्याचा मान देवाच्या बरोबरीचा. मामानं त्याच्या पाया पडायचं, त्याच्याकडून पाया पडून घ्यायचं नाही. नवं धान्य, नवी गाय, नवं घर, जे काही पहिलं असेल ते भाच्याच्या हाती. भाचा लहान असो की मोठा, काळा असो की गोरा, शहाणा असो की बावळा. विजयला हे कळायला पुढं बराच वेळ लागला. बाबांना त्याची घाई नव्हती.

ट्रंक उघडली की आम्ही सगळी पोरं भोवती. डांबराच्या गोळ्यांचा, साबणाचा आणि लवंगांचा वास एकदम अंगावर येई. मोठाल्या फुलांची कापडं, कॉफीचे डबे, रंगीत मण्यांच्या माळा. आईसाठी आणलेली लवंग इतकी जाड होती की आईनं ती मसाल्यात कधी घातलीच नाही, आल्यागेल्याला दाखवण्यासाठी ठेवली. आत्याची पोरं पाण्याला ‘माजी’ म्हणायची. आम्हीही आठवडाभरात माजी मागायला लागलो आणि आजूबाजूच्या घरांतून तो शब्द मिरवून आलो.

तिला भेटायला कोण आलं नाही! बंजाऱ्यांच्या तांड्यावरून तिची बालमैत्रीण सक्री आली, हातभर पांढऱ्या बलोयांचा, त्यांच्या रुंद बांगड्यांचा, आवाज करत. दारातच तिनं आत्याच्या गळ्यात हात टाकले आणि सूर लावून रडायला लागली. त्यांच्यात खूप दिवसांनी भेटलं की असंच भेटतात, एवढे दिवस काय काय झालं ते रडत गाऊन सांगतात. आत्यालाही ते येत होतं, तिनंही सूर धरला. नैरोबीची पोरं पांढरीफटक पडली, त्यांना वाटलं कुणीतरी गेलं. दोघींचं सांगून झालं, मग डोळे पुसून त्या हसत बाजेवर बसल्या आणि टेंभरं खात सक्रीनं आत्याच्या पोरांची उंची मोजली.

त्या उन्हाळ्याची चव अजून जिभेवर आहे. अंगणात बाया सराच्या काड्यांवर कणकेचे वेढे घालून सरगुंडे करायच्या, ते वाफवून आंब्याच्या रसात बुडवून खायचे. चुलीतल्या कपाशीच्या पऱ्हाट्यांचा धूर, कुठंतरी वाळत घातलेल्या मोहाचा आंबूस गोड वास, वाळ्यानं गार झालेला माठ. आणि दुपारी सगळी पोरं बावडीवर. बावडी म्हणजे गावाची पायऱ्यांची जुनी विहीर. पायऱ्या उतरत थेट पाण्यात जायचं, गुडघाभर पाण्यात उभं राहून घागर बुडवायची, त्याच पाण्यात तोंड धुवायचं, तेच ओंजळीनं प्यायचं. विजय तर तिथून हलायचा नाही. आत्या वरच्या पायरीवर बसून कौतुकानं बघत असे. ती हेच पाणी पिऊन मोठी झाली होती.

पुढच्या वर्षी नैरोबीला विजयच्या पायावर फोड आला. आग आग करत पोर रात्रंदिवस ओरडत राहिलं. तिथल्या डॉक्टरांनी असं काही कधी पाहिलं नव्हतं. आत्यानं मात्र ओळखलं, फोड फुटून पांढरं सुताएवढं टोक बाहेर आलं तेव्हा. नारू. आमच्या भागात तेव्हा घरटी एकाला तरी तो निघायचाच. पाण्यातून पोटात जातो आणि वर्षभरानं पायातून निघतो. तिनं काडेपेटीच्या काडीवर तो गुंडाळत, रोज थोडा थोडा ओढत, न तोडता बाहेर काढला. आतोबांनी इकडं निरोप धाडला, रागावून नाही, अगदी शांतपणे: नारू निघालेले पाय बावडीच्या पाण्यात बुडतात आणि तोच रोग त्या पाण्यातून पोटात जातो, तेव्हा पोरांना घेऊन आता गावाकडं येणं होणार नाही, आलोच तर पाणी उकळूनच पितील.

बाबांनी तो निरोप ऐकला आणि त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांना राग आतोबांचा आला नव्हता. आई सांगायची, ओसरीत येरझाऱ्या घालत ते एकच गोष्ट म्हणत होते. “माह्या बहिनीनं माह्या घरी येऊन पानी उकळून प्यावं? मंग हे माहेर कायचं?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी वडार बोलावले.

विहीर गावाला लागून असलेल्या आमच्या शेताच्या बांधावर घेतली. दोन उन्हाळे काम चाललं होतं. आधी काळी माती, मग मुरूम, मग असा पाषाण की पहारीची टोकं वळायची. सुरुंग लावायच्या आधी वडार मोठ्यानं हाळी द्यायचा, आम्ही पोरं कानात बोटं घालून बाभळीखाली बसायचो, धडाड्धूम झालं की आकाशातून खडे पडायचे आणि हवेत जळका दारूचा वास राहायचा. बाबा रोज संध्याकाळी बारदानाच्या झोळीत बसून खाली उतरायचे. लोक म्हणाले, पायऱ्या ठेवा, बायांना सोयीचं पडेल. बाबा म्हणाले, नाही. कठडा छातीभर उंच, वरून रहाट, आणि खाली कुणाचाही पाय पाण्याला लागायला नको. एवढं त्यांना त्या निरोपातून बरोबर उमगलं होतं.

पाणी लागलं तेव्हा मी तिथंच होते. खालून वडार ओरडला आणि बाबांनी फेटा काढून हातात घेतला. मी त्यांना देवळाशिवाय कुठंही फेटा काढताना पाहिलं नव्हतं. सगळे म्हणाले, घरधन्यानं आधी प्यावं. बाबांनी नकारार्थी मान हलवली, पाहुणे येईपर्यंत बादली सोडायची नाही म्हणाले. पहिली ओंजळ भाच्याची.

साठ सालच्या उन्हाळ्यात ते आले. मधल्या काळात आम्ही मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आणि मुंबईतून महाराष्ट्रात जाऊन पोचलो होतो, तेही अंगणातली बाज न हलवता. आत्या बोटीनं एवढा समुद्र ओलांडून आली, तरी आमचाच प्रवास जास्त झाला असं बाबा सगळ्यांना सांगत. आतोबांच्या सामानात या वेळी एक स्टोव्ह होता, एक मोठी किटली आणि झाकणाची दोन भांडी. रोज सकाळी घरात पहिला आवाज यायचा तो स्टोव्हला पंप मारण्याचा. आई चुलीपुढं बसून जाळ फुंकत राहायची. आत्या तर मान वर करत नसे.

बाबांनी विहिरीची पूजा ठरवली. गाव जमलं, तांड्यावरचे आले. बाबांनी कठड्याला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला, नवी बादली सोडायला विजयला पुढं बोलावलं. विजय तेव्हा नऊ वर्षांचा. तो आपल्या वडिलांकडे बघायला लागला. आतोबा आदल्या दिवशी झोळीत बसून विहीर आतून पाहून आले होते. बांधकाम पाहून इतके खूश झाले होते की त्यांनी तिचा नकाशा काढून घेतला होता. पण आता ते पुढं आले आणि त्यांनी पोराच्या खांद्यावर हात ठेवला.

“विहीर अव्वल आहे, दादा,” ते म्हणाले. “पण नारू वर्षानं कळतो. आज पाजलं आणि माझा अंदाज चुकला, तर ते मला पुढच्या उन्हाळ्यात कळेल. पोराचं ओरडणं मी ऐकलेलं आहे. मला धीर होत नाही.”

चारचौघांत जावई नाही म्हणाला होता. मी बाबांच्या तोंडाकडे बघत होते, आता काय होणार म्हणून. बाबांचा आवाज जराही चढला नाही.

“बरोबर हाय तुमचं, जवाईबापू. तुम्ही बाप आहा. पन मी मामा आहो, अन् भाच्याच्या पह्यले मामा पेत नसते. गावानं प्यावं, लेकराईनं प्यावं. मी थांबतो.”

लोकांना वाटलं, रागाच्या भरात बोलले, उद्या पितील. आम्ही घरच्यांनी ओळखलं होतं. आमच्या घराण्यात हट्टाला तोटा नाही. आई तिथंच म्हणाली की तुम्ही थांबा, मला स्वयंपाक करायचा आहे, आणि तिनं दोन कळशा भरून घेतल्या. आम्ही सगळे त्याच दिवसापासून नव्या विहिरीचं पाणी प्यायला लागलो. पाहुणे रजा संपवून गेले. जाताना आत्या बाबांना बिलगून रडली. दोन माणसांच्या मध्ये तिला उभं राहायला जागाच नव्हती.

मग चार वर्षं आमच्या घरात ते चाललं. विहिरीवर पहाटेपासून रहाटाची करकर. तांड्यावरच्या बायाही तिथंच येऊ लागल्या, कुणाला मनाई नव्हती. आणि बाबा पितळेचा चंबू घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला बावडीवर जायचे, स्वतःपुरतं पाणी आणायचे. बावडीवर आता बाहेरगावच्या गुराख्यांशिवाय कुणी फिरकत नव्हतं. पायऱ्यांवर शेवाळ चढलं होतं. आई उकळून देते म्हणाली तर उकळलेल्या पाण्याला चव नसते, असं त्यांचं म्हणणं. एकदा तिनं त्यांच्या चंबूत गुपचूप विहिरीचं पाणी भरून ठेवलं. बाबांनी घोट तोंडाशी नेला, वास घेतला आणि तुळशीला घालून पुन्हा बावडीची वाट धरली. गावातले म्हातारे चेष्टा करायचे, पाटील, घरी जेवण तयार आणि तुम्ही दुसऱ्याच्या दारी. बाबा मिशीतल्या मिशीत हसायचे.

मला त्यांचा तेव्हा राग यायचा. आता कठड्याशी उभी राहते तेव्हा राग येत नाही, छाती भरून येते. मी सासरी वणीला गेले, तिथल्या कोळशाच्या धुळीत चाळीस-पन्नास उन्हाळे काढले, पुष्कळ माणसं पाहिली. शब्द देणारी फार भेटली. शब्द दिल्यावर रोज सकाळी चंबू घेऊन गावाबाहेर चालत जाणारा माणूस मला दुसरा भेटला नाही.

चौसष्टच्या चैत्रात बाबांच्या घोट्याशी फोड आला.

गावात त्या वर्षी दुसऱ्या कुणालाही नारू निघाला नव्हता. बाबांनी फडकं बांधलं आणि काटा रुतला म्हणून सांगितलं. त्याच उन्हाळ्यात आत्या येणार होती. मधल्या काळात तिकडचाही देश स्वतंत्र झाला होता आणि रजा पुन्हा कधी मिळेल, मिळेल की नाही, याचा भरवसा नव्हता. आतोबांनी आधीच कळवलं होतं की आता आलो तर पुढचं सांगता येत नाही. फाट्यावर दमणी घेऊन गडी गेला. आत्या दमणीतून उतरली ती बाबांना शोधतच. ते ओसरीवर बाजेवर बसले होते, पायावर धोतर ओढून, फेटा बांधून, जणू काही झालंच नाही. उठून विजयच्या पाया पडायला वाकले आणि तिथंच कळवळून खाली बसले. आत्यानं धोतर बाजूला केलं. घोट्याला बांधलेली काडी तिला दिसली.

“दादा,” ती म्हणाली, “हा काटा नोहे.”

आतोबांनीही पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. ते आत्याला हळूच म्हणाले की सामान सोडू नको, नव्या विहिरीचंही पाणी तसंच निघालं, उद्या पोरांना घेऊन यवतमाळला जाऊ आणि उरलेली रजा तिथं काढू. ते हळूच म्हणाले होते, पण ओसरी लहान होती, सगळ्यांनी ऐकलं. मला वाटलं, आता बाबा सांगतील. बाबांनी तोंड उघडलं नाही. आपण पाहुण्यापुढं पायाचं गाऱ्हाणं सांगावं, हे त्यांना मरण आलं असतं तरी जमलं नसतं. विहिरीकडं पाठ करून ते भिंतीला टेकले.

आई आतल्या दारात उभी होती. लग्न होऊन आल्यापासून नणंदेच्या नवऱ्याशी ती कधी समोरासमोर बोलली नव्हती, पदराआडून काय ते सांगायची, तेही आत्याकरवी. ती उंबरा ओलांडून बाहेर आली.

“विहिरीले बोल नोका लावू, जवाईबापू,” ती म्हणाली. “सारं गाव चार वर्सं थेच पानी पेऊन राह्यलं. कोनाच्याच पायात नारू नाई. याह्यच्याच निघाला, कारन हे थे पानी पेत नाईत. तुमच्या पोरासाठी थांबले हायेत.”

आतोबांनी बाबांकडं पाहिलं, मग बाजेखाली ठेवलेल्या पितळेच्या चंबूकडं पाहिलं. आत्या रडायला लागली, आणि रडता रडताच बाबांच्या दंडावर बुक्क्या मारायला लागली, लहानपणी मारत असेल तशा. येडा हाये का रे तू, येडा हाये का, एवढंच म्हणत होती. बाबा म्हणाले की पोरांना भूक लागली असेल, सरगुंडे काढा.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टोव्हचा आवाज आला नाही. आतोबा आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून ओसरीवर आले आणि बाबांना म्हणाले, “चला दादा, विहिरीवर.” दमणी जुंपायला गडी निघाला तर बाबांनी त्याला थांबवलं. काठी टेकत, पाय ओढत, पण फेट्याचा तुरा ताठ ठेवून ते सगळ्या गावासमोरून चालत गेले. आत्या एका बाजूला, मी दुसऱ्या. बघता बघता वाटेतली माणसं मागं चालायला लागली. सक्रीनं कुठून ऐकलं होतं कोण जाणे, ती आधीच विहिरीवर हजर होती.

विजय आता तेरा वर्षांचा झाला होता, मिसरूड फुटत होतं. त्याला आता कुणी काही सांगायची गरज नव्हती. त्यानं बादली सोडली, रहाट करकरला, पाणी डचमळत वर आलं. आतोबांनी स्वतः बादली तिरकी करून त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. पोरानं पहिली ओंजळ घेतली, दुसरी घेतली, आणि हनुवटीवरून ओघळणारं पाणी बाहीनं पुसलं. बाया ओव्या म्हणतात तशी काहीतरी गुणगुण मागून आली, ती सक्रीची होती, आणि या वेळी नैरोबीचं कुणी घाबरलं नाही.

मग विजयनं लोटा भरला आणि दोन्ही हातांनी मामापुढं धरला. बाबांनी काठी माझ्या हाती दिली. लोटा घेतला आणि उभ्या उभ्या, न थांबता, तळ दिसेपर्यंत ते पाणी प्यायले. मिश्यांवर थेंब राहिले होते. बराच वेळ ते विहिरीकडं बघत राहिले, मग आईकडं वळले. त्यांच्या चेहऱ्यावर फसवल्या गेलेल्या माणसाचा राग होता.

“तुम्ही सारे चार वर्सं हे पेऊन राह्यले?”

आई म्हणाली, “हो.”

“इतकं गोड हाय, अन् मले कोनी काहून नाई सांगतलं?”

“सांगतलं असतं तर पेले असते काय?”

बाबांनी थोडा विचार केला.

“नाई,” म्हणाले, आणि रिकामा लोटा त्यांनी पुन्हा भाच्यापुढं धरला.